कॅरॅव्हॅनसाठी वायरलेस रिव्हर्स कॅमेरा कसा निवडावा

पेडण्याला आमच्या घराकडे वळणाऱ्या वाटेला दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे आहेत. कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, मागे घेताना भाऊ पाठीमागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" ओरडायचा. आरशात तो दिसत नसे आणि पावसात त्याचा आवाजही पोचत नसे. तेव्हा कॅमेरा घ्यायचं ठरलं.

आधी टेप घेऊन गाडीत मॉनिटर (चित्र दाखवणारा पडदा) बसवणार त्या जागेपासून कॅरॅव्हॅनच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. खोक्यावरची रेंज मोकळ्या मैदानातली असते. मध्ये पत्रा आला की ती खूप घटते. त्यामुळे मोजलेल्या अंतराच्या निदान तिप्पट-चौपट रेंज हवी.

सिग्नल डिजिटलच घ्या. 2.4 गिगाहर्ट्झवरच्या स्वस्त अॅनालॉग कॅमेऱ्याला आसपासच्या वाय-फायचा त्रास होतो आणि पडद्यावर मुंग्या येतात. दुकानातच कॅमेऱ्यासमोर हात हलवा. पडद्यावरचा हात मागाहून हलत असेल तर तो कॅमेरा नको. कॅमेऱ्याला दिसणारा कोन 120-130 अंशांचा पुरे. फार रुंद कोनात जवळचा गडगासुद्धा लांब भासतो.

गोव्यात खरी परीक्षा पावसाची. धूळ-पाणी किती सोसतो ते आयपी आकडा सांगतो. आयपी 67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा; आयपी 69के म्हणजे जोरदार फवारा सोसणारा. पण हा आकडा कॅमेऱ्याचा असतो, त्याला वीज देणाऱ्या वायरच्या जोडाचा नव्हे. माझा पहिला कॅमेरा धडधाकट होता, जोड उघडला तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. आता मी जोडावर सिलिकॉन टेप घट्ट गुंडाळतो आणि वायरला जोडाच्या खाली झोळ देतो, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं.

रिव्हर्स लाइटवर जोडलेला कॅमेरा फक्त मागे घेतानाच चालतो. शिवाय गाडी आणि कॅरॅव्हॅनच्या वायरी जोडणाऱ्या टोइंगच्या प्रत्येक सात पिनांच्या सॉकेटमध्ये रिव्हर्सची वायर असतेच असं नाही. टेस्ट लॅम्प लावून खात्री करा. माझ्या मते फ्यूज आणि स्विच घालून 12 व्होल्टची वेगळी लाइन द्यावी. चोर्ला घाटात मागे कोण चिकटलंय ते मग चालतानाही दिसतं.

भोक पाडण्याआधी कॅमेरा चिकटपट्टीने पक्का बसवा, कॅरॅव्हॅनची दारं-खिडक्या बंद करा, इंजिन चालू ठेवून चित्र तुटतंय का बघा. मग कुणाला तरी कॅरॅव्हॅनच्या मागे डावीकडे उभं करा. तो पडद्यावरही डावीकडेच दिसायला हवा. नाहीतर मिरर सेटिंग बदला.