अमेरिकेतला निवडणुकीचा पोल हातात आला की काय काय बघायचं

दर चार वर्षांनी आमच्या फॅमिली ग्रुपवर हा सीझन येतो. न्यू जर्सीतली मावसबहीण एक पोल (म्हणजे मतदानाआधीची मतचाचणी) टाकते, अमका ३ पॉइंटने (म्हणजे ३ टक्क्यांनी) पुढे, तासाभरात नाशिकचे काका दुसरा पोल टाकतात त्यात तमका २ पॉइंटने पुढे, आणि मग खरा कुठला यावरून दोघांची जुंपते. मी २००८ पासून या निवडणुका फॉलो करतोय आणि माझं प्रामाणिक मत असं की बहुतेक वेळा दोन्ही पोल आपापल्या जागी ठीक असतात, आपण त्यांच्याकडून नको ते उत्तर मागत असतो. म्हणून मी स्वतः पोल आला की काय बघतो ते इथे लिहितोय.

सगळ्यात आधी बघायचं पोल अख्ख्या देशाचा आहे की एका स्टेटचा. कारण तिथे अध्यक्ष देशभराच्या एकूण मतांवर निवडून येतच नाही. एकूण ५३८ इलेक्टर (स्टेट्सकडून निवडले जाणारे, अध्यक्षासाठी मत देणारे प्रतिनिधी), जिंकायला २७० लागतात, आणि ४८ स्टेट्समध्ये जो एका मताने जरी पुढे असेल तो त्या स्टेटचे सगळे इलेक्टर घेऊन जातो (मेन आणि नेब्रास्का ही दोनच स्टेट्स काही इलेक्टर मतदारसंघानुसार वाटतात). त्यामुळे कॅलिफोर्नियात ३० लाखांनी जिंकलात काय आणि ३० मतांनी जिंकलात काय, हिशोब सारखाच. २०१६ ला हिलरी क्लिंटन यांना ट्रम्पपेक्षा साधारण २८ लाख मतं जास्त होती तरी त्या हरल्या, कारण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन स्टेट्स मिळून जेमतेम ७८ हजार मतांनी गेली. मिशिगनमध्ये तर फरक ११ हजारही नव्हता. तेव्हा नॅशनल पोल वाऱ्याची दिशा बघायला ठीक आहे, पण निकाल शोधायचा असेल तर पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, ॲरिझोना, नेवाडा, नॉर्थ कॅरोलिना या सातांचे पोल काढा. २०२४ ला ट्रम्पनी ही सातही घेतली आणि ३१२ वर गेले, देशभरातल्या मतांत मात्र फरक दीड टक्क्याच्या आसपासच होता.

मग बघायचं विचारलं कोणाला, आणि माझ्या मते पोल वाचण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, पोल म्हणजे तेच, पण त्यासाठी भात नीट ढवळलेला पाहिजे. १९३६ ला लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने तब्बल १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांच्या वर परत आल्या आणि त्यावरून त्यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या विरोधातले लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ स्टेट्स जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरी आणि गाड्यांच्या नोंदींमधून, म्हणजे मंदीच्या काळात ज्यांच्याकडे फोन आणि गाडी होती असेच लोक जास्त, आणि त्यातही ज्यांना रूझवेल्टचा राग होता त्यांनी आवर्जून उत्तरं पाठवली. त्याच वर्षी पोल घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी लोकांना पण नीट निवडून विचारलं आणि विजेता बरोबर सांगितला. म्हणून कोणी "एवढ्या लाख लोकांनी ऑनलाइन मत दिलं" असा पोल पाठवला की मी तो उघडतच नाही, आकडा कितीही मोठा असो, भात वरवरचाच आहे.

आताची अडचण वेगळी आहे, लोक फोनच उचलत नाहीत. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेच्या फोन सर्व्हेंना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक उत्तर द्यायचे, २०१८ ला ते ६ टक्क्यांवर आलं होतं. मग जे उत्तर देतात त्यांच्यावर वजन लावावं लागतं, म्हणजे समजा सॅम्पलमध्ये तरुण कमी आले तर प्रत्येक तरुणाचं उत्तर थोडं जास्त मोजायचं. २०१६ ला बऱ्याच स्टेट पोल्सनी शिक्षणाचं वजन लावलंच नव्हतं. कॉलेज डिग्रीवाले लोक सर्व्हेला जास्त उत्तर देतात आणि त्या वर्षी ते क्लिंटन यांच्याकडे झुकलेले होते, डिग्री नसलेले गोरे मतदार ट्रम्पकडे, त्यामुळे विस्कॉन्सिनसारख्या ठिकाणी पोल चांगलेच चुकले. तेव्हा पोलच्या खाली पद्धत लिहिलेली असते ती वाचा, तिथे वय, वंश, शिक्षण हे शब्द दिसले पाहिजेत. आणि पद्धतच दिली नसेल तर तो पोल सोडून द्या.

त्याच बारीक अक्षरात अजून एक गोष्ट असते, पोल रजिस्टर्ड व्होटरचा (यादीत नाव असलेले) की लाइकली व्होटरचा (खरंच मत द्यायला जातील असे वाटणारे). तिथे बऱ्याच ठिकाणी यादीत नाव आपलं आपण घालावं लागतं आणि नाव असलेले सगळे मत द्यायला जातात असंही नाही. २०२० ला खूप मतदान झालं म्हणतात तेव्हासुद्धा पात्र लोकांपैकी साधारण दोन तृतीयांशच आले, आणि २०१४ च्या मिडटर्मला (अध्यक्षपदाच्या दोन निवडणुकांच्या मधली संसदेची निवडणूक) तर ४० टक्केही नाही. म्हणून निवडणूक जवळ आली की लाइकली व्होटरवाला आकडा धरायचा.

आता मार्जिन ऑफ एरर, म्हणजे पोलचा आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते. हजार लोकांच्या पोलला हे साधारण ३ पॉइंट असतं आणि लोक इथेच फसतात, कारण ते ३ पॉइंट प्रत्येकाच्या आकड्याला लागतात, दोघांमधल्या फरकाला नाही. एक ४८, दुसरा ४६ असेल तर पहिला ४५ ते ५१ मध्ये कुठेही असू शकतो आणि दुसरा ४३ ते ४९ मध्ये, म्हणजे फरकातली चूक जवळपास दुप्पट. दोन पॉइंटची आघाडी म्हणजे बरोबरीच समजा. पोलमध्ये पुढे "३० च्या आतले", "लॅटिनो पुरुष" अशी फोड दिलेली असते, तिथे तर सॅम्पल शंभर-दीडशे लोकांचं उरतं, त्यावरून बातमी करणाऱ्यांवर अजिबात विश्वास ठेवू नका, शंभर लोकांच्या आकड्यात १० पॉइंट इकडेतिकडे सहज होतात.

एकच पोल धरून बसायचं नाही हे पण आलंच. आयोवा स्टेटमध्ये पोल घेणाऱ्या ॲन सेल्झर यांचं नाव अनेक वर्षं सगळ्यात विश्वासाचं होतं, २०२४ ला त्यांच्या शेवटच्या पोलमध्ये कमला हॅरिस ३ पॉइंटने पुढे होत्या आणि ट्रम्प तिथे १३ पॉइंटने जिंकले. चांगल्या माणसाचाही एखादा पोल असा जातो म्हणूनच सगळ्या पोल्सची सरासरी बघायची. पण सरासरीही सगळी मिळून एकाच बाजूला चुकू शकते, २०२० ला तसंच झालं, बायडेन जिंकले पण पोलनी दाखवलेल्यापेक्षा खूप कमी फरकाने. शिवाय "७१ टक्के शक्यता" आणि "७१ टक्के मतं" यात गल्लत करू नका. २०१६ ला पोल्सवरून जिंकण्याची शक्यता काढणाऱ्या फाइव्हथर्टीएट या वेबसाइटने ट्रम्पना २९ टक्के शक्यता दिली होती, म्हणजे चारात एकदा होणारी गोष्ट, आणि ती झाली.

निकालाच्या दिवशी काय करायचं ते पण सांगतो. मतदान नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी, आपल्याकडे मोजणी सुरू होते ती बुधवारी पहाटे. २०२४ ला जॉर्जियातलं मतदान आपल्या पहाटे साडेपाचला संपलं, कॅलिफोर्नियातलं साडेनऊला. आपल्यासारखा एक निवडणूक आयोग सगळं मोजून जाहीर करतो असं तिथे नाही, मोजणी स्थानिक पातळीवर, बहुतेक ठिकाणी काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा स्टेटचा भाग) होते, आणि आपण टीव्हीवर बघतो ते "जिंकले" हे असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था आणि चॅनेल्स आपल्या हिशोबाने सांगतात, अधिकृत शिक्कामोर्तब नंतरच्या आठवड्यांत होतं. सकाळी जो पुढे दिसतो त्यावरून मात्र काहीही ठरवू नका. पेनसिल्व्हेनियात पोस्टाने आलेली मतं मतदानाच्या दिवशी तिथल्या सकाळी ७ च्या आधी उघडताच येत नाहीत, म्हणून २०२० ला तिथे ट्रम्प एका वेळी सहा लाखांच्या वर पुढे दिसत होते, मग पोस्टाची मतं मोजली गेली आणि शेवटी बायडेन सुमारे ८० हजारांनी जिंकले. मतं नोव्हेंबर ३ पर्यंत पडलेली होती, फक्त मोजायचा क्रम वेगळा होता. हे माहीत नसल्यामुळे त्या वेळी आमच्याच घरात किती गैरसमज पसरले आणि माणसं खरंच एकमेकांशी अबोला धरून बसली होती, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून मी एकूण आकडा न बघता अशी काउंटी शोधतो जिथली जवळपास सगळी मतं मोजून झालीत, आणि तिथला फरक मागच्या निवडणुकीशी ताडून बघतो. २०२० ला फ्लोरिडातली मायामी-डेड काउंटी लवकर आली, २०१६ ला क्लिंटन तिथे जवळपास ३० पॉइंटने जिंकल्या होत्या, बायडेन फक्त ७ ने, तिथेच कळलं की फ्लोरिडा गेलं. पेनसिल्व्हेनियासाठी मी इरी काउंटीचं पान उघडून ठेवतो, २०१६ ला ट्रम्प, २०२० ला बायडेन, २०२४ ला परत ट्रम्प, तिन्ही वेळा जो इरी जिंकला त्यालाच पेनसिल्व्हेनिया मिळालं.