ॲम्पचा आवाज पुरत नाही? मोठा ॲम्प घ्यायच्या आधी हे करा

नाशिकच्या सातपूरला एका गाळ्यात आमची रिहर्सल होते. ड्रमसेट, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि कोपऱ्यात माझ्या गिटारचा 30 वॉटचा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरवाला डबा. गणपतीच्या आधी शेजारच्या मैदानात ढोलपथकाचा सराव सुरू झाला, की माझी गिटार मलाच ऐकू यायची नाही. 60 वॉटचा ॲम्प घ्यायला मी पैसेही जमवले होते. घेतला नाही ते बरं झालं. वॉट दुप्पट केले की आवाज जेमतेम 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट.

आधी ॲम्प जमिनीवरून उचला. 12 इंची स्पीकरचा तिखट आवाज समोर अरुंद झोतात जातो. ॲम्प खाली असेल तर तो गुडघ्यांना लागतो, कानाला नाही. मी लोखंडी स्टुलावर ठेवतो, तोंड थोडं वर करून.

मग मिडल, म्हणजे मधल्या सुरांचं बटण, वाढवा. घरी एकटं वाजवताना बेस-ट्रेबल चढवून मिडल खाली आणलं की गोड वाटतं, मीही वर्षानुवर्षं तेच करत होतो. पण बँडमध्ये तो बेस किक ड्रमखाली दबतो आणि ट्रेबल झांजांत विरतो. गिटारची जागा मधल्या पट्टीतच आहे. माझं मिडल आता 7 वर असतं. एकट्याने ऐकलं तर थोडं नाकातलं वाटतं, पण सगळे वाजवायला लागले की प्रत्येक सूर सुटा कळतो. गेन, म्हणजे आवाज किती फाटणार ते ठरवणारं बटण, तेही कमी करा. जास्त डिस्टॉर्शनने, म्हणजे आवाज जास्त फाटल्याने, तो दाबला जातो, जोर निघून जातो. गेन उतरवून मास्टर, म्हणजे शेवटचा एकूण आवाज, चढवा.

आवाज अचानक पडला असेल तर गोष्ट वेगळी. एका पावसाळ्यात माझा ॲम्प निम्मा झाला. दुरुस्तीवाल्याने ट्रान्सफॉर्मर बदलायला सांगितलं होतं. दोष निघाला मागच्या इफेक्ट्स लूपच्या रिटर्न जॅकमध्ये, आतली पट्टी काळवंडली होती. (लूप म्हणजे ॲम्पच्या मध्येच पेडल जोडायची सोय: सेंडमधून आवाज बाहेर जातो, रिटर्नमधून परत आत येतो.) सेंड आणि रिटर्न एका छोट्या केबलने जोडून बघा. आवाज परत आला तर जॅकच खराब. ॲम्प बंद करून, वायर काढून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि केबलची पिन जॅकमध्ये दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा ॲम्प मात्र स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात.

बूस्टर पेडल (पायाने दाबून आवाज वाढवायचं यंत्र) असेल तर ते याच लूपमध्ये लावा. डिस्टॉर्शनच्या आधी लावलंत तर आवाज न वाढता फक्त खरखर वाढते.

खर्च करायचाच असेल तर स्पीकरवर करा. 1 वॉटला 1 मीटरवर किती डेसिबल, हा आकडा बघा. 97 चा काढून 100 चा बसवला तर वॉट दुप्पट केल्याइतका फरक पडतो. सेलेस्टियनचा व्हिंटेज 30 हा 100 चा आहे. ओहम (स्पीकरवर लिहिलेला विद्युत रोध) जुन्याइतकेच हवेत आणि स्पीकरची वॉट क्षमता ॲम्पपेक्षा जास्त. जोडणीला स्पीकरचीच वायर वापरा, गिटारची केबल नको. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा ॲम्प कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

नाशिकच्या कालिदास कलामंदिरासारख्या मोठ्या रंगमंचावर ॲम्प रेटू नका. शुअर एसएम 57 हा माइक ॲम्पच्या जाळीला टेकवा, स्पीकरच्या कोनच्या मध्यापासून दोन बोटं बाजूला, आणि बाकीचं साउंडवाल्यावर सोडा.