साठीनंतर गाडी घेताना आधी ढकलून पाहा

साठीच्या पुढे मोटारसायकल निवडताना इंजिन किती सीसीचं, हा प्रश्न नंतरचा. आधी इंजिन बंद ठेवून गाडी साइड स्टँडवरून सरळ उभी करा आणि मागे ढकला, शक्य असेल तर किंचित चढावर. वजनाचा त्रास वेगात जाणवत नाही. जाणवतो तो पार्किंगमध्ये, यू-टर्न घेताना, खडीवर पाय टेकताना. नुसत्या किलोंवर जाऊ नका. वजन उंचावर असलेली गाडी, विशेषतः टाकी भरलेली असताना, तेवढ्याच वजनाच्या बुटक्या गाडीपेक्षा जड भासते. नेहमीचे बूट घालून बसा आणि दोन्ही तळवे टेकतात का, तेही पाहा.

पुढे झुकवणारं हँडल मनगटांवर भार टाकतं. क्रूझर प्रकारच्या बुटक्या, लांबट गाडीत पाय फार पुढे जातात, मग खड्ड्याचा धक्का थेट कमरेत. पाठ ताठ राहते आणि पाय शरीराखाली येतात, अशी गाडी मला या वयात सर्वांत सुखाची वाटते. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, मात्र हवीच.

लांब जायचं असेल तर तासाभराने उतरून पाय मोकळे करा, पाणी प्या. मोतीबिंदू असेल तर समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, म्हणून अंधारापूर्वी मुक्काम गाठा. नवं औषध सुरू झालं असेल तर त्याने गुंगी येते का, हे डॉक्टरांना विचारूनच निघा.