जाहिरातीचा मजकूर सपोर्ट तिकिटांत शोधा

आयटी सेवा देणाऱ्यांच्या वेबसाइटवर ‘मॅनेज्ड सर्व्हिसेस’ असतं आणि ग्राहक गूगलवर शोधतो ‘ऑफिसचा ईमेल सारखा स्पॅममध्ये जातोय’. दोघांची गाठ पडायची कशी?

1. गेल्या तीन महिन्यांची बंद झालेली सपोर्ट तिकिटं, म्हणजे ग्राहकांनी नोंदवलेल्या आणि सुटलेल्या तक्रारी, काढा. फक्त ग्राहकाने लिहिलेली पहिली ओळ वाचा. आपल्या इंजिनिअरचं उत्तर नको, त्यात पुन्हा आपलीच भाषा येते.

2. वारंवार येणाऱ्या पाच तक्रारी निवडा. प्रत्येकीचं एक पान करा. शीर्षक ग्राहकाच्याच शब्दांत, खाली कारण आणि घरच्या घरी करता येईल असा उपाय. हो, फुकट सांगायचा. ज्याला तो जमत नाही तोच फोन करतो.

3. महिन्या-दोन महिन्यांनी गूगल सर्च कन्सोलमध्ये पाहा, लोक कोणते शब्द टाकून त्या पानावर आले. वेबसाइटच्या मालकांसाठीचं हे गूगलचं साधन मोफत आहे आणि 16 महिन्यांपर्यंतची माहिती दाखवतं. त्यानुसार शीर्षक बदला.

एक सांभाळा: तिकिटातला स्क्रीनशॉट जसाच्या तसा टाकू नका. कोपऱ्यात ग्राहकाचं नाव, आयपी पत्ता किंवा सर्व्हरचं नाव हमखास राहून जातं.