बाहेरून आलं की कपडा धुवायचा का खुंटीला लावायचा? धुण्यातल्या या चुका टाळा

आमच्याकडं लातूरला नळ कधी आठ दिवसाला येतो तर कधी दहा दिवसाला, बाकी सगळा कारभार बोअरवर नाहीतर टँकरवर, त्यामुळं धुणं म्हणजे नुसती स्वच्छता नाही, हिशोब पण आहे. 2016 चा उन्हाळा ज्यांनी इथं काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला 10 वाघिणी अन् 5 लाख लिटर पाणी, ते बघायला लोक स्टेशनवर जमलेले. त्या दिवसांत आमच्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, घरात एक नियम लावला तो आजपर्यंत चालू आहे. बाहेरून आल्यावर अंगावरचा कपडा सरळ बादलीत टाकायचा नाही अन् सरळ कपाटात पण ठेवायचा नाही, आधी तीन जागा बघायच्या. काख, कॉलर अन् काठ. काखेचा वास घ्यायचा, कॉलर उजेडात धरून बघायची, अन् खालचा काठ, पँटची मोहरी किंवा साडीचा घेर, हातानं चाचपायचा. तिन्ही ठीक असलं तर कपडा हवेशीर टांगायचा, एक जरी बिघडलेलं असलं तर धुवायला.

हे सांगायचं कारण म्हणजे आजूबाजूला मी दोन्ही टोकं बघायले. काही घरात दुकानापर्यंत जाऊन आलेला शर्ट पण मशीनमध्ये, अन् काही घरात आख्खा मे महिना एकच जीन्स. दोन्हीत नुकसान आहे.

दिवस मोजून धुणं ही पहिली चूक

"एकदा घातला की धुवायचा" किंवा "दोनदा चालतो" असा एकच नियम सगळ्या कपड्यांना लावता येत नाही. अंगाला घट्ट चिकटणारं, म्हणजे अंडरवेअर, बनियन, मोजे, हे दर वेळी धुवायचंच, यात चर्चा नाही. जिमचे किंवा खेळायचे कपडे पण तसेच. जीन्स तीन-चार वेळा आरामात चालते, आत बनियन असेल तर वरचा शर्ट हिवाळ्यात दोनदा, स्वेटर-जॅकेट पाच-सहा वेळा. ब्रा दोन-तीन वेळा चालते पण लगेच दुसऱ्या दिवशी तीच घालायची नाही, एक दिवस मोकळी वाळू द्यायची. पण हे सगळं थंडीचं गणित झालं. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडं पारा 42-43 वर जातो तेव्हा दुपारी एसटीनं एक फेरी मारली तरी शर्ट गेलाच समजा, तिथं "आत्ता तर सकाळी घातला" म्हणण्यात अर्थ नाही.

काही ठिकाणाहून आल्यावर मात्र कपडा कसा दिसतो ते बघायचंच नाही, डायरेक्ट धुवायला टाकायचा. दवाखान्यात पेशंटजवळ बसून आलात, मातीला जाऊन आलात, गर्दीत कोणी खोकत-शिंकत होतं, लेकराला जुलाब-उलट्या व्हायल्यात. आपल्याकडं मातीवरून आल्यावर बाहेरच अंघोळ करून कपडे भिजवायची पद्धत आहे ती चांगलीच आहे, तीच सवय दवाखान्यावरून आल्यावर पण ठेवा.

कापड कोणतं आहे ते पण बघा. घामाला स्वतःचा वास फारसा नसतो, अंगावरचे जंतू घामातलं अन् कातडीवरचं तेलकट खातात तेव्हा वास सुटतो. सुती कापड घाम पिऊन घेतं अन् धुतलं की सोडून पण देतं. पॉलिस्टर पाणी पीत नाही, तेल मात्र धरून ठेवतं, म्हणून ते स्पोर्ट टीशर्ट धुऊन वाळवल्यावर छान वाटतात अन् अंगात घालून पाच मिनिटं झाली की परत तोच वास. असे कपडे उलटे करून धुवा अन् कम्फर्टसारखं सुगंधी पाणी त्यात टाकू नका, त्याचा थर बसून वास आणखीच आत अडकतो.

घातलेल्या शर्टावर परत इस्त्री

ऑफिसला जाणारी मंडळी हे फार करतात. शर्ट एकदा घातला, चुरगळला, दुसऱ्या दिवशी परत इस्त्रीवाल्याकडं. कॉलरचं तेल अन् काखेतला घाम इस्त्रीच्या चटक्यानं कापडात पक्का बसतो, पिवळा डाग तिथूनच सुरू होतो. मग तो डाग काढायला लोक ब्लीच ओततात अन् घामाच्या पिवळ्यावर ब्लीच पडलं की तो बऱ्याच वेळा जास्तच पिवळा होतो. त्यापेक्षा धुण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून तेवढ्या जागेवर लावा, अर्धा तास ठेवा अन् मग नेहमीसारखं धुवा. अन् डिओ मारल्या मारल्या शर्ट घालू नका, काख कोरडी होऊ द्या, घाम थांबवणाऱ्या डिओमधलं अॅल्युमिनियम घामात मिसळूनच ते कडक पिवळे चट्टे पडतात.

एकाच खुंटीवर सगळ्यांचे कपडे

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. माझा भाचा बारावीला लातूरला क्लासला होता, होस्टेलवर एका खोलीत चौघं, दाराच्या मागं एक खुंटी, त्यावर चौघांचे घातलेले शर्ट-पँट एकावर एक, टॉवेल कोणाचा कोण वापरायला त्याचा पत्ता नाही अन् धुणं फक्त रविवारी. दोन महिन्यांत जांघेत गजकर्ण. लाजून कोणाला सांगितलं नाही, मेडिकलवरून ट्यूब आणून लावली, चार दिवस खाज थांबली अन् मग पोटापर्यंत पसरलं. तसल्या ट्यूबमध्ये बऱ्याच वेळा स्टेरॉइड असतं, ते खाज दाबतं पण बुरशीला मोकळं रान मिळतं. शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडं नेलं, गोळ्या चालू झाल्या, अन् त्यांनी पहिला प्रश्न औषधाचा नाही तर कपड्याचा विचारला, "धुणं एकत्र करता का?"

गजकर्णाची बुरशी कपड्यात, टॉवेलमध्ये, चादरीत टिकून राहते. पेशंट बरा होतो, परत तीच पँट घालतो अन् परत लागण. म्हणून घरात एकाला जरी असलं तरी त्याचे कपडे वेगळे भिजवायचे, 60 डिग्रीच्या आसपासच्या म्हणजे हात बुडवता येणार नाही इतक्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवायचे, मग धुवायचे अन् उलटे करून कडक उन्हात वाळवायचे. आतले कपडे अन् टॉवेल रोज, जीन्स त्या काळात घालायचीच नाही, घट्ट कपड्यात घाम कोंडतो. चादर दोन-तीन दिवसाला. पाणी कमी आहे हे मला माहितीय, पण हे धुणं वाचवायचं नाही, वाचवायचं असलं तर जीन्सचं अन् पडद्याचं वाचवा. घातलेला पण अजून चांगला असलेला कपडा टांगायचा तर प्रत्येकाची खुंटी वेगळी, मध्ये हवा खेळेल इतकं अंतर, अन् धुतलेल्या कपड्यांच्या कपाटात तर तो जाऊच द्यायचा नाही. होस्टेलवर लेकरं असतील तर त्यांना चार अंडरवेअर जास्त घेऊन द्या अन् हे सरळ सांगा, लाजू नका, लेकरं लाजण्यातच महिने घालवतात.

साफ निघत नाही म्हणून पावडर वाढवणं

बोअरचं पाणी आपल्याकडं जड आहे, खाली सगळा काळा पाषाण, त्यातून कॅल्शियम अन् मॅग्नेशियम उतरतं. साबणाचा फेस होत नाही कारण साबण आधी त्या क्षारांशीच भांडून संपतो अन् त्याचा चिकट साका कापडावर बसतो. पांढरा शर्ट राखाडी पडतो, टॉवेल पापडासारखा कडक होतो, काळ्या पँटवर पांढरट रेघा. बायकांना वाटतं पावडर कमी पडली, मग आणखी एक माप, मग ती निघायला आणखी दोन बादल्या पाणी. पाणी पण गेलं अन् कपडा पण.

यावर उपाय साधा आहे. बादलीत आधी एक-दोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवा, किराणा दुकानात स्वस्तात मिळतो, खायचा सोडा वेगळा हां. तो क्षार खाली बसवतो अन् मग टाकलेली पावडर पूर्ण कामाला येते. रेशमी अन् लोकरीच्या कपड्याला मात्र सोडा लावू नका. शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात करता आलं तर करा, एक ड्रम त्यासाठी बाजूला ठेवला तरी खूप फरक पडतो. पावसाळ्यात पत्र्याचं पाणी धरा, पहिल्या पावसाचं सोडून द्या, नंतरचं पाणी धुण्याला इतकं मऊ असतं की पावडर निम्मी लागते. खळबळलेलं पाणी संडासला, अंगण झाडायला. रात्रभर भिजत घालणं पण बंद करा, अर्धा-पाऊण तास पुरे, उन्हाळ्यात रात्रभर भिजलेलं धुणं सकाळी आंबूस वास मारायलंच. पावसाळ्यात मशीन बंद झाल्यावर दोन-दोन तास ओलं धुणं आत राहिलं तरी तोच वास येतो, अन् मग पंख्याखाली वाळवून जात नाही, परत सोड्याच्या गरम पाण्यातूनच काढावं लागतं.

फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात

यावर मी कोणाचंही ऐकून घेत नाही. कापसावर, तुरीवर, सोयाबीनवर फवारून माणूस घरी येतो, कपडे मोरीत टाकतो, सकाळी लेकराच्या फ्रॉकसोबत एकाच बादलीत. 2017 ला यवतमाळकडं फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी गेले ते आठवत असेल. औषध कातडीतून पण अंगात जातं, कपड्यात मुरलेलं सुद्धा जातं. तो कपडा घातला त्याच दिवशी धुवायचा, दुसऱ्या दिवशी तोच घालून परत फवारायला जायचं नाही. घराच्या बाहेर काढायचा, वेगळी बादली, धुणाऱ्या बाईच्या हातात रबरी हातमोजे, आधी नुसत्या पाण्यातून काढायचा, मग गरम पाणी अन् पावडरमध्ये दोन वेळा. ते पाणी विहिरीजवळ, आडाजवळ, जनावराच्या हौदाजवळ ओतायचं नाही. वाळवायचं पण वेगळ्या दोरीवर. अन् औषध डब्यातलं जशास तसं, पाणी न मिसळलेलं, कपड्यावर सांडलं असेल तर तो कपडा धुवून वापरायचाच नाही, टाकून द्यायचा, कितीही नवा असू द्या.

डागाला घाई

काळ्या रानातला चिखल ओला असताना घासू नका, घासला की आत शिरतो. वाळू द्या, झटका, ब्रश मारा, मग धुवा. रक्ताला गार पाणी, गरम पाण्यानं ते शिजून बसतं. हळदीच्या कार्यक्रमात डाग पडला अन् साबण लावल्यावर लाल झाला की पोरी घाबरतात, काही बिघडत नाही, हळदीत चुना पडला की कुंकू होतं तेच हे, साबणातल्या क्षारानं रंग बदलतो अन् खळबळल्यावर परत पिवळा होतो. धुऊन ओला कपडा तसाच दोन-तीन दिवस उन्हात टाका, हळदीचा रंग ऊन खाऊन टाकतं. रंगीत कापड असेल तर थोडं जपून, कापडाचा रंग पण उडतो.

पैठणी धुणं, अन् ब्लाउज विसरणं

लग्नात चार तास नेसलेली पैठणी घरी धुवायची नसते, ड्रायक्लीनला पण दर वेळी नाही, डाग असेल तरच. सावलीत दोरीवर चादर टाकून त्यावर दोन-तीन तास मोकळी सोडायची, मग मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवायची, अधूनमधून घडी बदलायची नाहीतर घडीवर जर तुटते. सेंट साडीवर मारायचा नाही, जर काळी पडते. साडीची एवढी काळजी घेतात अन् ब्लाउज मात्र घामेजलेला तसाच त्याच घडीत सरकवतात. घाम रेशमाला कुजवतो, पुढच्या लग्नाला हात वर केला की काखेत टर्रकन फाटतो, माझ्या नणंदेचा ऐन वरातीत फाटला. ब्लाउजला सुती अस्तर लावून घ्या अन् आल्या आल्या उलटा करून पंख्याखाली टांगा. दुसऱ्या दिवशी अस्तराचा काखेचा भाग ओल्या फडक्यानं टिपून घ्या, पूर्ण वाळल्यावर साडीपासून वेगळा ठेवा.