नव्या ईमेल-वाचकाची पहिली खरेदी

ईमेल यादीत नव्याने नाव नोंदवणाऱ्याची उत्सुकता सुरुवातीच्या एक-दोन दिवसांतच सर्वाधिक असते, त्यामुळे स्वागताच्या पहिल्याच ईमेलमध्ये त्याच्यासमोर एखादी अल्प किमतीची, पण स्वतंत्रपणे उपयोगी पडणारी वस्तू ठेवावी. उदाहरणार्थ, दादरमधून घरगुती मसाले विकणाऱ्या व्यावसायिकाने पूर्ण संचाऐवजी ९९ रुपयांत गोडा मसाल्याची ५० ग्रॅमची पुडी आणि सोबत आमटीची कृती द्यावी. मात्र मुंबईतल्या मुंबईतही लागणारा कुरिअरचा खर्च आधीच किमतीत धरावा, कारण पैसे भरताना अचानक वाढलेला आकडा पाहिला की गिऱ्हाईक तिथूनच परत फिरते. या विक्रीत नफा झाला नाही तरी चालते (पदरचे फार घालू नये, एवढेच), कारण यूपीआयने एकदा पैसे भरून माल वेळेवर हाती पडला की अनोळखी विक्रेत्याविषयीची धास्ती ओसरते. मूळ संचावरच घसघशीत सूट देणे मला पटत नाही. तशाने पुढे पूर्ण किंमत मागणे जड जाते. ९९ रुपयांच्या पुडीच्या सवलतीची मुदत सांगितली, तर ती पाळावी. पुडी पोहोचल्यावर साधारण आठवडाभराने, म्हणजे आमटी एकदा तरी शिजली असेल अशा बेताने, पूर्ण संचाविषयीचा ईमेल पाठवावा आणि पुडी घेतलेल्यांना त्याच सवलतीची आठवण पुन्हा जाणार नाही, हे पाहावे.