खडक ओळखायला शिकताना: पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी

भूशास्त्राला नव्याने आलेल्यांना मी आधी हेच सांगते: अग्निज, गाळाचे, रूपांतरित हा तक्ता पाठ करा, पण दगड हातात आला की नाव आठवत बसू नका. तो फोडा. वरची साल हवापाण्याने बदललेली असते, खरा खडक ताज्या तुटीवरच दिसतो. फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

आपल्याकडे सुरुवात काळ्या पाषाणापासून, म्हणजे बेसॉल्टपासून होते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा लवकर निवला, स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही. म्हणून त्याचे कण भिंगातूनही जेमतेम दिसतात. ग्रॅनाइट खोलवर, सावकाश निवतो. त्यातली क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक ही खनिजं नुसत्या डोळ्यांनी वेगळी काढता येतात.

माझं काम भूजलाचं, त्यामुळे बेसॉल्ट मी जास्त करून विहिरींच्या कडांवर वाचला. लाव्हाच्या थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात आणि त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट (चुनखडीचं मुख्य खनिज) अशी खनिजं भरतात. हाच मांजऱ्या खडक. तो मऊ, लवकर झिजणारा. त्याखाली त्याच थराचा घट्ट, काळा भाग. दोन थरांच्या मध्ये कधी लाल गेरूचा पट्टा सापडतो, तो दिसला की एक थर संपून दुसरा सुरू झाला असं समजायचं. नवशिके पोकळ्या पाहून लगेच पाणी आहे म्हणतात. पण भरलेल्या पोकळीत पाणी कसं राहणार? ते राहतं झिजलेल्या भागात आणि भेगांत. म्हणूनच शेजारशेजारच्या दोन विहिरींपैकी एक मार्चमध्येच आटते.

कोकणातला जांभा मात्र तक्ता अपुरा पाडतो. जोरदार पावसाने मूळ खडकातली सिलिका, चुना वाहून जातो, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात. खाणीतून काढताना तो मऊ असतो, उघड्यावर टणक होतो. घरं बांधायला म्हणूनच सोयीचा.

पुण्या-नाशकात शिकत असाल तर एकदा विदर्भात जाच. एकट्या बेसॉल्टवर नजर तयार होत नाही. चंद्रपूर-यवतमाळकडे चुनखडी आणि कोळशासोबतचा वालुकाश्म आहे, नागपूरच्या उत्तरेला संगमरवर. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब चुनखडीवर फसफसतो, आणि कॅल्साइटच्या संगमरवरावरही. संगमरवर म्हणजे रूपांतरित चुनखडीच: उष्णता-दाबाने स्फटिक मोठे झाले, खनिज तेच राहिलं. इथे भिंगच कामी येतं. चाकूचा ओरखडा कॅल्साइटवर उठतो, क्वार्ट्झवर नाही. सैल वालुकाश्म कणांच्या कडेने तुटतो, क्वार्ट्झाइट, म्हणजे रूपांतरित वालुकाश्म, कणांमधून आरपार.

वहीत रंग, कणांचा आकार, कठीणपणा, आम्लाचा परिणाम, थर आणि नेमकी जागा आधी लिहा. नाव शेवटी, तेही पेन्सिलने. लेण्यांत किंवा अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर (बेसॉल्टच्या उभ्या खांबांची टेकडी) हातोडा पिशवीतून काढू नका. सरावाला परवानगी घेऊन एखादी खडीची खाण पुरते.